कोर्ट न्यू ब्रन्सविकलाच का? मिडलसेक्स काउंटीच्या मुख्यालयाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत, म्हणजे एडिसन, इझलिन, पिस्कॅटवे, वुडब्रिज या पट्ट्यात, मराठी घरं भरपूर आहेत. त्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी न्यू ब्रन्सविकचा फेरा पडतोच. मला पहिल्यांदा ज्यूरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्यात नागरिकांनी पंच म्हणून बसण्याच्या कामाचं, बोलावणं आलं तेव्हा दिवसाचा बराचसा वेळ बाकावर बसून गेला. जेवणाच्या सुट्टीत पाय मोकळे करायला नदीकडे गेलो आणि मग या गावाच्या मागेच लागलो. तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक जे विचारत आले, ते इथे एकत्र केलं आहे.

आम्ही राहतो एडिसनला, मग कोर्टाचं बोलावणं न्यू ब्रन्सविकचं का?

कारण न्यू ब्रन्सविक हे काउंटीचं मुख्यालय आहे. काउंटीत एकंदर २५ गावं-शहरं आहेत आणि लोकसंख्या आठ लाखांच्या वर. या सगळ्यांचं काउंटी कोर्ट पॅटरसन स्ट्रीटवर आहे. एडिसन आज आकाराने मोठं असेल, पण ते नाव मिळालं १९५४ साली. त्याआधी ती रॅरिटन टाउनशिप होती. न्यू ब्रन्सविकला शहराची सनद मिळाली १७३० मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, एवढं लक्षात ठेवलं की काळाचा अंदाज येतो.

काउंटी सीट म्हणजे आपलं जिल्ह्याचं ठिकाणच ना?

बरंचसं तसंच. कोर्ट, दप्तर, जमिनीच्या नोंदी, मृत्युपत्रं, शेरीफ, सगळं तिथे. पण एक मोठा फरक आहे. इथे कलेक्टर नाही. वरून नेमलेला, बदली होऊन आलेला साहेब हा प्रकारच नाही. काउंटीचा कारभार सात निवडून आलेले कमिशनर बघतात. शेरीफ आणि काउंटी क्लार्कही निवडून येतात. आपल्याकडचा जिल्हा वरून खाली उतरत आला. इथली काउंटी गावांनी प्रतिनिधी पाठवून चालवली. दोन्हींचं मूळ इंग्रजी राजवटीतच आहे, फक्त इंग्रजांनी दोन्हीकडे वेगवेगळं बी पेरलं.

हे गाव मुळात इथेच का वसलं?

नदीमुळे. आणि नदीपेक्षाही, ती ओलांडण्याच्या जागेमुळे.

रॅरिटन नदीला इथपर्यंत समुद्राची भरती-ओहोटी लागते. म्हणजे जहाजं भरतीच्या पाण्यावर इथवर येऊ शकत, आणि ओहोटीला पाणी उतरलं की माणसांना नदी पार करता येई. इथल्या मूळ रहिवाशांची, लेनापे लोकांची, जुनी पायवाट याच सुमारास नदी ओलांडून पुढे डेलावेअर नदीच्या धबधब्याकडे, म्हणजे आजच्या ट्रेंटनकडे जायची. युरोपीय आले तेही त्याच वाटेने चालले. आजचा रूट २७ बऱ्याच अंतरापर्यंत तीच वाट धरून जातो. एडिसनहून हायलंड पार्कमार्गे पूल ओलांडून गावात शिरता, तेव्हा तुम्ही तीन-साडेतीनशे वर्षं वापरात असलेल्या रस्त्यावर, बहुधा सिग्नलला, उभे असता.

१६८० च्या दशकात जॉन इनियन नावाच्या माणसाने इथे जमीन घेतली आणि १६८६ च्या सुमारास 'तर', म्हणजे माणसांना नदीपार नेणारी होडी, चालू केली. त्याआधी या जागेचं नाव होतं प्रिगमोरची दलदल. तर सुरू झाल्यावर लोक म्हणायला लागले 'इनियनची तर'. १६९७ मध्ये प्रांताच्या सभेने इनियन आणि त्याच्या बायकोला हयातभर ती तर चालवण्याचा हक्क दिला, वर्षाला पाच शिलिंग भाड्याने. न्यू यॉर्कहून फिलाडेल्फियाला खुश्कीने जाणाऱ्याला हा मुक्काम टाळता येत नसे. तर असली की वाट बघणारे असतात, वाट बघणारे असले की खाणावळ निघते, खाणावळीशेजारी लोहार येतो. पेठ अशीच वसते.

त्याआधी इथे कोण राहत होतं?

लेनापे. रॅरिटन हे नावही त्यांच्याकडून आलेलं. जमिनी त्यांच्याकडून 'विकत' घेतल्याचे कागद आहेत. पण जमीन कायमची विकणे म्हणजे काय, ही कल्पना दोन्ही बाजूंना एकच नव्हती. रोगराई, दारू, कर्ज आणि वाढत्या वसाहती यांनी त्यांना मागे रेटत नेलं. १७५८ मध्ये दक्षिण जर्सीत ब्रदरटन नावाची राखीव वस्ती काढून उरलेल्या काहींना तिथे बसवलं. १८०२ पर्यंत तीही मोडली आणि लोक न्यू यॉर्ककडे गेले. आज त्यांच्या खुणा नावांत तेवढ्या दिसतात: रॅरिटन, मटचन, अँबॉय.

मग हा मुलूख इंग्रजांकडे आला कसा?

डचांकडून हिसकावून. १६६४ साली दुसऱ्या चार्ल्सने हा सगळा डच मुलूख आपल्या भावाला, ड्यूक ऑफ यॉर्कला, देऊन टाकला. तेव्हा तो अजून हातातही आला नव्हता. ड्यूकने त्यातला हडसन आणि डेलावेअर नद्यांमधला तुकडा बर्कली आणि कार्टरेट या दोन मित्रांना दिला. ती न्यू जर्सी.

हाच चार्ल्स मुंबईचाही. पोर्तुगीज राजकन्येशी लग्न केल्यावर मुंबई त्याला हुंड्यात मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. गिरगावहून एडिसनला आलेल्या माणसाने एकाच राजाने वाटून टाकलेल्या दोन जागांमध्ये बिऱ्हाड हलवलं, असं म्हणायला हरकत नाही.

पुढे १६७६ मध्ये न्यू जर्सीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. आपल्याकडे तेव्हा राज्याभिषेकाला दोन वर्षं झाली होती. पूर्व जर्सीने १६८३ मध्ये चार काउंट्या पाडल्या: बर्गन, एसेक्स, मिडलसेक्स, मनमथ.

मिडलसेक्स हे नाव?

इंग्लंडमधल्या मिडलसेक्सवरून. एवढंच. नावावरून शाळेतली मुलं जे विनोद करतात ते प्रत्येक पिढीने केलेले आहेत.

आधी मुख्यालय दुसरीकडे होतं असं ऐकलं, खरं का?

खरं. १७९३ पर्यंत काउंटीचं मुख्यालय पर्थ अँबॉय होतं. रॅरिटन जिथे समुद्राला मिळते तिथलं हे बंदर. पूर्व जर्सीच्या मालकांत बरेच स्कॉटिश होते. त्यांच्यातल्या अर्ल ऑफ पर्थचं नाव आणि 'अँबॉय' हे लेनापे नाव यांचा हा जोड. मालकांना वाटत होतं की हे दुसरं न्यू यॉर्क होणार. पर्थ अँबॉय पूर्व जर्सीची राजधानी झालं. १७०२ मध्ये दोन्ही जर्सी एकत्र होऊन थेट राणीच्या अमलाखाली गेल्या, तरी राजधान्या दोनच राहिल्या. विधिमंडळ एकदा पर्थ अँबॉयला, एकदा पश्चिमेच्या बर्लिंग्टनला भरायचं. नागपूर अधिवेशनाची सवय असलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. १७९० मध्ये ट्रेंटन राजधानी झाली आणि ही ये-जा थांबली.

राजधानी गेली, न्यू यॉर्कने व्यापार तर केव्हाच ओढून घेतला होता. काउंटीच्या एका कोपऱ्यात, पाण्याच्या कडेला असलेल्या गावी खटल्यासाठी जायचं म्हणजे आतल्या शेतकऱ्याचा जाण्यायेण्यातच दिवस जाई. न्यू ब्रन्सविक रस्त्यावर होतं, नदीवर होतं, आणि बाजाराला लोक तिथे येतच होते. म्हणून १७९३ मध्ये मुख्यालय इकडे आलं. माझ्या मते कोर्टाने हे गाव मोठं केलं, असं म्हणणारे उलटं सांगतात. तर आली तेव्हापासून मोजलं तर कोर्ट यायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

'न्यू ब्रन्सविक' नाव कुठून आलं? कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकशी काही नातं?

१७१४ मध्ये इंग्लंडच्या गादीवर हॅनोव्हर घराण्याचा पहिला जॉर्ज बसला. तो जर्मनीतल्या ब्रन्सविक-ल्युनबर्गचा ड्यूक होता. त्या घराण्याच्या मानासाठी दलदलीचं 'ब्रन्सविक' झालं. शहराची सनद १७३० च्या अखेरीला मिळाली ती दुसऱ्या जॉर्जच्या नावाने. कॅनडातला प्रांत १७८४ चा, म्हणजे तिसऱ्या जॉर्जच्या वेळचा. नातं एवढंच की दोघांना एकाच राजघराण्याचं नाव.

यात मजा अशी की राजाविरुद्ध लढून स्वतंत्र झाल्यावरही कोणी हे नाव बदललं नाही. भर बाजारातला रस्ता आजही जॉर्ज स्ट्रीट आहे.

ऑल्बनी स्ट्रीट हे नाव न्यू यॉर्कच्या ऑल्बनीवरून का?

हो. १७३० च्या आसपास ऑल्बनीहून डच कुटुंबं येऊन मोठ्या रस्त्याच्या कडेला राहिली आणि रस्त्याला त्यांनी गावाकडचं नाव दिलं.

या रस्त्याचं एक डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन उपलब्ध आहे. १७४८ च्या हिवाळ्याआधी पीटर काल्म नावाचा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ इथून गेला. त्याने दोन गोष्टी टिपल्या, त्या वाचून मी मोठ्याने हसलो होतो. एक, काही घरांची रस्त्याकडची भिंत तेवढी विटांची आणि बाकीच्या तिन्ही बाजू फळ्यांच्या. घाईत जाणाऱ्याला वाटावं, काय विटांची घरं आहेत! दुसरी म्हणजे दारापुढे दोन-चार पायऱ्या चढून एक ओटा आणि त्यावर दोन्ही बाजूंना बाकं. संध्याकाळी लोक तिथे बसून हवा खात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना न्याहाळत. काल्मला 'ओटा' हा शब्द माहीत असता तर त्याची अर्धी ओळ वाचली असती.

आणखी एक त्याने लिहिलंय: ऑल्बनी स्ट्रीटवरचे हे डच फक्त आपापसात मिसळतात, गावातल्या इतरांकडे सहसा फिरकत नाहीत. परगावी जाऊन आपल्याच माणसांत राहण्यावरून कोणी आपल्याला टोकलं, तर हा दाखला हाताशी असू द्या.

व्यापार कशाचा चालायचा?

मुख्यतः धान्याचा. आतल्या काउंट्यांतून गहू आणि पीठ गाड्या भरभरून यायचं आणि इथून होड्यांनी न्यू यॉर्कला जायचं. समोरच्या काठावर, थोडं वरच्या अंगाला, रॅरिटन लँडिंग नावाचं बंदर होतं, त्याच्याशी चढाओढ चाले. ते लँडिंग पुढे पूर्ण उठलं. रूट १८ वाढवताना उत्खनन झालं तेव्हा त्याचे पाये सापडले. तिथल्या कॉर्नेलियस लो या व्यापाऱ्याचं १७४१ चं दगडी घर मात्र टेकाडावर शाबूत आहे.

इथे गुलाम होते का? उत्तरेत नव्हते ना?

होते. उत्तरेत नव्हते, हा समज चुकीचा आहे. पर्थ अँबॉयच्या बंदरात आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं उतरवली जात. डच शेतकऱ्यांच्या घरी गुलाम ही नेहमीची गोष्ट होती. न्यू जर्सीने १८०४ मध्ये गुलामगिरी 'हळूहळू' संपवण्याचा कायदा केला. त्या वर्षीच्या ४ जुलैनंतर जन्मलेली मुलं स्वतंत्र, पण मुलग्यांनी पंचवीस आणि मुलींनी एकवीस वर्षांपर्यंत आईच्या मालकाकडे राबल्यावर. आधी जन्मलेल्यांना तेही नाही.

रटगर्स विद्यापीठाच्या ओल्ड क्वीन्स या सर्वात जुन्या इमारतीच्या पायाचं काम विल नावाच्या गुलामाने केलं. त्याच्या मालकाने त्याला त्या कामावर भाड्याने लावलं होतं. विद्यापीठाने स्वतःचा इतिहास तपासायला घेतला तेव्हा हे पुढे आलं आणि २०१७ मध्ये त्या इमारतीजवळच्या पायवाटेला 'विल्स वे' नाव दिलं. आडनाव कागदात नाही.

रटगर्स तेव्हापासूनचं आहे?

हो, १७६६ चं. तेव्हाचं नाव क्वीन्स कॉलेज, तिसऱ्या जॉर्जच्या शार्लट राणीवरून. डच चर्चला आपले पाद्री इथेच तयार करायचे होते, प्रत्येक वेळी हॉलंडला पाठवणं परवडत नव्हतं. सनद दिली गव्हर्नर विल्यम फ्रँकलिनने. हा बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा, पण शेवटपर्यंत राजनिष्ठ. पहिले वर्ग १७७१ मध्ये भरले ते एका खाणावळीत, तिचं नाव 'रेड लायन'. १८२५ मध्ये कॉलेजला हेन्री रटगर्सचं नाव दिलं. मुलाला इथे प्रवेश मिळाला की पालक पहिल्यांदा फीबद्दल विचारतात, त्यामुळे हे कोणी विचारत नाही.

फ्रँकलिन आणि अ‍ॅडम्स इथे एका पलंगावर झोपले होते, ही थाप आहे का?

थाप नाही, खुद्द जॉन अ‍ॅडम्सने लिहून ठेवलंय. सप्टेंबर १७७६. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. बंडखोर वसाहतींच्या काँग्रेसने बेंजामिन फ्रँकलिन, जॉन अ‍ॅडम्स आणि एडवर्ड रटलेज यांना स्टॅटन आयलंडवर इंग्रजांच्या अ‍ॅडमिरल होवशी बोलणी करायला पाठवलं. वाटेत न्यू ब्रन्सविकला मुक्काम. खाणावळी सैनिकांनी भरलेल्या. दोघांना मिळून एक खोली मिळाली, पलंगाहून जेमतेम मोठी, धुराड्याशिवाय, एक लहानशी खिडकी असलेली.

खिडकी उघडी होती. अ‍ॅडम्सला रात्रीच्या गार हवेची धास्ती, त्याने उठून ती लावली. फ्रँकलिन म्हणाला, लावू नकोस, गुदमरायला होईल. मग त्याने पडल्या पडल्या सर्दी गार हवेने होत नाही, कोंदट खोलीतल्या श्वासाने होते, हा आपला सिद्धांत सांगायला घेतला. अ‍ॅडम्सने खिडकी उघडली, पलंगावर उडी मारली, आणि व्याख्यान ऐकता ऐकता त्याला झोप लागली. ११ तारखेची बोलणी फिसकटली.

पंखा लावायचा की नाही यावरून ज्या घरांत रोज रात्री खटके उडतात, त्यांना हा प्रसंग मी आवर्जून सांगतो.

इथे आलेला कॉर्नवॉलिस तोच का, आपल्या इतिहासातला?

तोच! या पानावरचा माझा सर्वात आवडता प्रश्न.

१७७६ च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टनचं हरत आलेलं सैन्य जर्सीतून मागे हटत होतं आणि लॉर्ड कॉर्नवॉलिस पाठीवर होता. वॉशिंग्टन न्यू ब्रन्सविकला पोचला तर सुमारे दोन हजार शिपायांची नोकरीची मुदत संपली. शत्रू काही कोसांवर, आणि हे शिपाई बोचकी बांधून घरी निघाले. १ डिसेंबरला कॉर्नवॉलिस नदीच्या पलीकडच्या काठावर आला. अलेक्झांडर हॅमिल्टनच्या तोफांनी त्याला काही वेळ अडवून धरलं आणि तेवढ्यात वॉशिंग्टन निसटला. कॉर्नवॉलिसला ब्रन्सविकलाच थांबण्याचा वरून हुकूम होता, म्हणून तो थांबला. युद्धात अशा थांबण्यांचा हिशेब फार महागात जातो.

महिन्याभरात वॉशिंग्टनने ट्रेंटन आणि प्रिन्स्टन जिंकलं. न्यू ब्रन्सविकला इंग्रजांचा ७०,००० पौंडांचा खजिना होता, त्यावरही त्याचा डोळा होता, पण माणसं इतकी दमली होती की तो बेत सोडावा लागला. इंग्रज फौज या गावात जून १७७७ पर्यंत राहिली. लोकांची घरं, कुंपणं, गुरं, सरपण, काही उरलं नाही.

१७८१ मध्ये यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस शरण आला. पाच वर्षांनी तोच गव्हर्नर जनरल म्हणून हिंदुस्थानात. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध त्याच्या बाजूला मराठ्यांची फौज होती, हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची. १७९३ मध्ये त्याने बंगालात कायमधारा आणला आणि कलेक्टरकडून न्यायाचं काम काढून जजाकडे दिलं. त्याच वर्षी इकडे न्यू ब्रन्सविक मुख्यालय झालं. त्याची कबर गाझीपूरला आहे.

'फ्रीहोल्डर' म्हणजे काय? जुन्या पाट्यांवर दिसतं.

काउंटीच्या कमिशनरांना २०२० अखेर 'चोझन फ्रीहोल्डर' म्हणायचे. अख्ख्या देशात फक्त न्यू जर्सीत. फ्रीहोल्डर म्हणजे स्वतःच्या मालकीची, कर्जमुक्त जमीन असलेला. आपला मिरासदार म्हणा. १७१४ च्या सुमाराच्या कायद्याने प्रत्येक गावाने असे दोन जमीनवाले निवडून पाठवायचे होते, ते कशासाठी? तर कोर्ट आणि तुरुंग बांधायला पैसे उभे करण्यासाठी. म्हणजे काउंटीचं सरकार जन्मलंच मुळी कोर्टाच्या इमारतीपायी.

जमीन असणं म्हणजे व्यवहारात गोरा पुरुष असणं, म्हणून हा शब्द बदलावा अशी मागणी होती. १ जानेवारी २०२१ पासून 'कमिशनर' झाले. मला विचाराल तर बदल योग्यच होता. पाट्या बदलायला खर्च आला म्हणून कुरकुरणारे मात्र अजून भेटतात.

मृत्युपत्रासाठी 'सरोगेट'कडे जा म्हणतात. हा शब्द इथे कसा?

बाळंतपणाशी संबंध नाही. सरोगेट म्हणजे बदली माणूस. वसाहतीच्या काळात मृत्युपत्रं मंजूर करण्याचा हक्क राजाच्या गव्हर्नरचा होता. त्याला सगळीकडे जमेना, म्हणून त्याने जागोजागी आपल्या वतीने माणसं नेमली. गव्हर्नर गेला, बदली माणूस राहिला, आणि आता तो निवडून येतो.

अर्धा दिवस हाताशी असेल तर काय बघावं?

ज्यूरीतून लवकर सुटलात तर लिव्हिंगस्टन अ‍ॅव्हेन्यूवर सार्वजनिक वाचनालयाशेजारी हेन्री गेस्टचं १७६० चं दगडी घर आहे. हा चामडं कमावण्याचा धंदा करायचा. घर मूळचं तिथलं नाही, विसाव्या शतकात उचलून आणलंय. बक्लू पार्कातला वाडा १७३९ चा, युद्धात तिथे इंग्रज शिपाई राहत होते. आत लाकडी जमिनीवर त्यांच्या हत्यारांच्या खुणा दाखवतात. उघडण्याच्या वेळा आधी बघून जा, मी दोनदा कुलूप बघून परतलो आहे.

मुलं बरोबर असतील तर नदीपलीकडे पिस्कॅटवेतलं ईस्ट जर्सी ओल्ड टाउन व्हिलेज. जुनी घरं तिथे हलवून मांडली आहेत, तिकीट नाही. त्यातली 'इंडियन क्वीन' खाणावळ मूळची ऑल्बनी स्ट्रीटच्या नदीकडच्या टोकाची. फ्रँकलिन-अ‍ॅडम्सचा पलंग हिच्यातलाच, असं सांगतात. पाटी वाचून आमच्या घरच्या पाहुण्यांनी विचारलं होतं, आपली कुठली राणी? त्यांना लेनापेंपासून सगळं सांगत बसलो, तोवर गाडीत मुलं झोपून गेली.